दंपती: घराचे दोन धनी

“आमचं मालक रानात गेल्यात,” असं माझी आजी सांगायची. मालक म्हणजे आजोबा. कोल्हापूरच्या आसपास नवऱ्याचं नाव न घेता त्याला मालक किंवा धनी म्हणायची रीत जुनी आहे. मालक हा मूळचा अरबी, धनी संस्कृतातला. पतीचंही तेच: भूपती, सेनापती यांतला पती म्हणजे स्वामीच.

मग दंपती? अमरकोशाने त्याला जायापतीच्या शेजारी बसवलंय. जायेच्या जागी दम् येतो, असं सांगून व्याकरणकारांनी त्यात बायको आणली. मला ते पटत नाही. ऋग्वेदात दम म्हणजे चक्क घर; पहिल्याच सूक्तात अग्नी आपल्या दमात वाढतो. लॅटिनमधला डोमुस त्याचाच भाऊबंद. याच अग्नीला एके ठिकाणी सगळ्यांचा दंपती म्हटलंय आणि तिथे तो एकटा आहे, जाया कुठेच नाही. दंपती म्हणजे घरधनी. द्विवचनात तो नवराबायकोसाठी येतो हे खरं, पण शब्दाच्या पोटात आहे ते घर, आणि त्या घराचे दोन धनी.

हे डोक्यात घोळायला लागलं ते माझ्या ओळखीच्या दोघींमुळे. बरीच वर्षं त्या रंकाळ्याच्या बाजूला भाड्याने राहिल्या, आता फ्लॅट घेतलाय. त्या एकमेकींना जोडीदार मानतात. कायदा मानत नाही: समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास सर्वोच्च न्यायालयाने 17 ऑक्टोबर 2023 रोजी नकार दिला. पण खरेदीखताला लग्न लागत नाही. खत म्हणजे मुळात रेघ, लिखाण. त्यावर कुणाचीही दोन नावं शेजारी लिहिता येतात. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार ज्याने जेवढे पैसे घातले तेवढा त्याचा हिस्सा, आणि पुरावा नसेल तर निम्मानिम्मा. वकिलांनी हिस्से दस्तातच लिहून घेतले, ते बरं केलं.

अडतं ते वारस या शब्दापाशी. हाही अरबी. दोघी हिंदू, अविवाहित. उद्या एकीचं काही बरंवाईट झालं, तर 1956 च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे तिचा हिस्सा आईवडिलांकडे जाईल. ते नसतील तर वडिलांच्या वारसांकडे. जिने शेजारी बसून हप्ते फेडले, तिचं नाव त्या यादीत कुठेच नाही. बक्षीसपत्राचंही तसंच. राहतं घर नवऱ्याला, बायकोला किंवा मुलांना बक्षीस द्यायचं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क 200 रुपये. या दोघींपैकी एकीने दुसरीला आपला हिस्सा दिला, तर खरेदीखताइतकंच शुल्क. बक्षीस हा शब्द फारसीतल्या ‘देणे, बहाल करणे’ यावरून आला. देणारीच्या मनात किती माया आहे हे त्याला पुरेसं व्हायला हवं होतं. शुल्काच्या तक्त्याला ती परकी वाटते, याचा मला राग येतो.

वारस रक्तानेच ठरतो, असं निदान कोल्हापुरात तरी कुणी सांगू नये. 17 मार्च 1884 रोजी कागलच्या घाटगे घराण्यातले यशवंतराव दत्तक आले आणि शाहू छत्रपती झाले. दत्त म्हणजे दिलेला. दिल्याने नातं होतं, हे या गावाच्या गादीनेच मान्य केलं होतं.

दोघींकडे आज उरतो तो रस्ता मृत्युपत्राचा. एकीने दुसरीच्या नावे, दुसरीने पहिलीच्या. दोन वेगळे कागद. प्रत्येकावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. साक्षी म्हणजे स आणि अक्ष, डोळ्यांसकट. ज्याने स्वतः पाहिलंय तो. गुरुवारी सही करायला मी जाणार आहे. मी त्यांना भाड्याच्या खोलीपासून पाहत आलेय.