पाणी सगळ्यांचं, माती कुणाची?

आमच्या बिरवाडीच्या भाड्याच्या खोलीबाहेर गॅलरीत थर्माकोलचा एक खोका आहे. मासळीवाल्याकडून मागून आणलेला. तीन वेळा धुतला तरी पावसाळी दिवसांत त्याला बोंबलाचा वास येतोच. झाकणाला आठ भोकं, प्रत्येक भोकात प्लास्टिकचा पेला, पेल्यात नारळाच्या काथ्याचा भुसा आणि त्यात पालकाचं एकेक रोप. खाली पंधरा लिटर पाणी. मुळं त्या पाण्यात लोंबतात. माती नाही.

आजीने पहिल्यांदा झाकण उचलून बघितलं आणि म्हणाली, "ह्याला माती नाय, काय नाय. हे झाड उभं कशाच्या जिवावर?"

मला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. हा लेख म्हणजे ते उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे.

आधी आम्ही गॅलरीत कसे आलो ते सांगते. २२ जुलै २०२१. महाडचा पूर तुम्ही बातम्यांत पाहिला असेल, त्याच दिवशी तळियेत दरड कोसळली. आमचं घर नदीच्या बाजूला, सखल जागेत होतं. पाणी उतरलं तेव्हा मागल्या दारी गुडघाभर चिखल होता. तिथे आजीची भाजी होती. मांडवावर पडवळ आणि दुधी, कडेला भेंडी, लाल माठ, थंडीत वाल. मोरीचं पाणी जिथे पडायचं तिथे अळू. भाजी गेली आणि भिंतही खचली. ती पुन्हा बांधायची म्हटल्यावर जुनाच प्रश्न वर आला. घर आमचं होतं, पण त्याखालची जमीन आमची नव्हती. कोकणात ही गोष्ट नवीन नाही. शेवटी बाबांनी एमआयडीसीच्या रस्त्याकडे वरच्या मजल्यावर खोली घेतली. आजी महिनाभर गॅलरीत नुसती बसून असायची.

मग मी मोबाइलवर ती रील पाहिली. पांढरे पाइप, हिरवीगार लेट्यूस, मागे इंग्रजी गाणं आणि खाली ओळ : भविष्यातली शेती. मी खोका आणला. पण ही शेती खरंच भविष्यातली आहे का, हे शोधत गेले तेव्हा ती पावणेचारशे वर्षं मागे घेऊन गेली.

आताच्या बेल्जियममध्ये यान वान हेलमाँट नावाचा एक वैद्य होता. झाडाचं अंग कशातून बनतं, हा त्याचा प्रश्न. म्हणजे आजीचाच प्रश्न. त्याने कुंडीत २०० पौंड वाळवलेली माती तोलून भरली आणि त्यात ५ पौंडांचं विलोचं रोप लावलं. पाच वर्षं फक्त पाणी घातलं. पाच वर्षांनी झाड १६९ पौंडांचं झालं होतं. माती पुन्हा वाळवून तोलली, तर फक्त दोन औंस घटली होती. झाड पाण्यातूनच बनतं, असा निष्कर्ष त्याने काढला. त्याच्या मृत्यूनंतर, १६४८ साली हे छापलं गेलं.

निष्कर्ष चुकीचा होता. झाडाचं बरंचसं अंग हवेतल्या कार्बन डायऑक्साइडपासून बनतं, हे कळायला पुढे दीडएकशे वर्षं गेली. आणि जे दोन औंस त्याने किरकोळ म्हणून सोडून दिले, त्यातच या शेतीचं मर्म होतं. १६९९ साली इंग्लंडमध्ये जॉन वुडवर्डने पुदिन्याच्या जातीची रोपं वेगवेगळ्या पाण्यांत वाढवली : पावसाच्या, नदीच्या, आणि बागेतली माती कालवलेल्या पाण्यात. मातीच्या गढूळ पाण्यातली रोपं सगळ्यांत चांगली वाढली. म्हणजे मातीतून काहीतरी पाण्यात उतरतं आणि झाडाला ते हवं असतं. ते नेमकं काय, हे १८६० च्या दशकात युलियस झाक्स आणि विल्हेल्म क्नोप या जर्मन शास्त्रज्ञांनी दाखवलं. त्यांनी मोजके क्षार शुद्ध पाण्यात विरघळवले आणि त्यावर रोपं वाढवली. नत्र, स्फुरद, पालाश, कॅल्शियम, मॅग्नेशियम, गंधक, थोडं लोह. आजीला द्यायचं पहिलं उत्तर हे : झाड या क्षारांवर आणि हवेवर उभं आहे.

पण तोवर हे सगळं प्रयोगशाळेतलं होतं. १९२९ साली कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या विल्यम गेरिकेने म्हटलं की यावर भाजी पिकवून विकता येईल. त्याच्या माणसापेक्षा कितीतरी उंच टोमॅटोच्या वेलींचे फोटो वर्तमानपत्रांत आले. १९३७ साली त्याने या शेतीला नाव दिलं, हायड्रोपोनिक्स. ग्रीकमध्ये हायड्रो म्हणजे पाणी, पोनोस म्हणजे श्रम. पाण्याचे श्रम. लोकांनी मात्र श्रम विसरून चमत्कार तेवढा उचलला. तयार मिश्रणं विकणारे उगवले, गच्चीवरून घराला पुरेल इतकं पीक मिळेल अशी आश्वासनं आली. आजच्या रीलसारखंच.

गेरिकेच्याच विद्यापीठातल्या डेनिस होगलंड आणि डॅनियल आर्नन यांनी १९३८ साली एक साधी पुस्तिका काढून हा फुगा खाली आणला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : पाण्यातल्या पिकाला कसलीही जादू नाही, चांगल्या मातीत चांगली मशागत केली तर तितकंच पीक येतं. मग पाण्यात पिकवायचं कुणी? जिथे चांगली माती नाही, त्यांनी.

ही सालं वहीत उतरवताना १९३७ पाशी माझा हात थांबला. हे साल मला शाळेत जायच्या आधीपासून पाठ आहे, आजीमुळे. दर २० मार्चला ती महाडला चवदार तळ्यावर जाते, गुडघे दुखत असले तरी जाते. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबर आलेले हजारो लोक त्या तळ्याचं पाणी प्यायले. सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करण्याचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्येच केला होता, महाड नगरपालिकेनेही तळं खुलं केल्याचं जाहीर केलं होतं. कागदावर पाणी होतं, ओंजळीत नव्हतं. सत्याग्रहानंतर मारहाण झाली, सवर्ण मंडळी कोर्टात गेली, आणि दहा वर्षांनी, १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टाने तळ्याच्या पाण्यावरचा अस्पृश्यांचा हक्क मान्य केला.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बाबासाहेबांनी मुंबई विधानसभेत खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. खोत म्हणजे सरकार आणि कूळ यांच्यामधला सारा वसूल करणारा माणूस. कोकणातल्या गावागावांत जमीन कुणी कसायची आणि धान्यातला किती वाटा द्यायचा, हे तो ठरवायचा, वर वेठही घ्यायचा. तेव्हा आपल्याच जिल्ह्यात, अलिबागजवळच्या चरी गावी नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने कुळांचा संप चालू होता. १९३३ साली सुरू झालेला तो संप सहा वर्षं चालला, शेतं पडीक राहिली. ते विधेयक तेव्हा मंजूर झालं नाही. खोती कायद्याने गेली ती स्वातंत्र्यानंतर, १९४९ च्या कायद्याने.

म्हणजे अमेरिकेत मातीशिवायच्या शेतीचं बारसं झालं, त्याच वर्षी महाडमध्ये पाण्याचा निकाल लागला आणि मुंबईत मातीचा प्रश्न मांडला गेला. या तिन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही, हे मला कळतं. पण मी ज्या घरात बसून हे वाचत होते, त्या घराचा तिन्हींशी संबंध होता. पाणी आम्हाला १९३७ साली कायद्याने मिळालं. माती अजून नाही.

यानंतर या शेतीचा इतिहास वाचला की तो माती नसलेल्यांचाच दिसतो. पॅसिफिकमधल्या वेक बेटावर विमानं इंधन भरायला उतरत. तिथे भाजी पिकेल अशी माती नव्हती, म्हणून ती पाण्यावर पिकवली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याने असेन्शन आणि इवो जिमा या ज्वालामुखीच्या बेटांवर खडीत भाजी वाढवली.

आणि मग ही पद्धत आपल्याकडे आली. १९४६ च्या सुमारास दार्जिलिंगजवळच्या कालिंपोंगला जेम्स शोल्टो डग्लस नावाच्या इंग्रजाने प्रयोग सुरू केले. बंगालच्या १९४३ च्या दुष्काळाला तीनच वर्षं झाली होती. अमेरिकन पद्धतीतले पंप, टाक्या आणि पाइप इथल्या माणसाला झेपणारे नाहीत, हे त्याने ओळखलं. त्याने वाफ्यात खडी आणि वाळू भरली, वर कोरडं खत भुरभुरवलं आणि झारीने पाणी घातलं. वीज नको, यंत्र नको. १९५१ साली त्याचं पुस्तक आलं आणि ही पद्धत जगभर 'बंगाल पद्धत' म्हणून ओळखली गेली. रीलमध्ये परदेशी वाटणाऱ्या शेतीची गरिबाला परवडेल अशी आवृत्ती आपल्याच देशात तयार झाली होती.

माझ्या खोक्याची पद्धत त्यानंतरची, हवाई विद्यापीठातल्या बर्नार्ड क्रॅट्कीची. तिलाही पंप लागत नाही. रोप पाणी पितं तशी पातळी खाली जाते, वरची मुळं दमट हवेत उघडी पडतात आणि प्राणवायू घेतात, खालची पाणी आणि अन्न घेतात. म्हणून पाणी परत काठोकाठ भरायचं नाही. भरलं तर हवेतली मुळं गुदमरतात. मी भरलं होतं. पहिला खोका एप्रिलच्या उन्हात गेला. पाणी कोमट झालं, मुळं तपकिरी होऊन सडली.

दुसऱ्या खेपेला कृषी सेवा केंद्रातून १९:१९:१९ आणलं. पानं पिवळट राहिली, कोवळ्या पानांची टोकं करपली. कारण नंतर कळलं. त्या खतातला निम्म्याहून जास्त नत्र युरियाच्या रूपात असतो. जमिनीत जिवाणू तो फोडून झाडाला देतात. माझ्या खोक्यात ते काम करायला कुणी नव्हतं. शिवाय त्यात कॅल्शियम नसतं. मग कॅल्शियम नायट्रेट आणलं आणि बाकीच्या क्षारांबरोबर एकाच मगात घट्ट कालवलं. तळाला पांढरा साका बसला. बाबा केमिकल कंपनीत ऑपरेटर आहेत. ते बघून हसले. "दोन्ही एकत्र घट्ट केलंस तर साका बसणारच. दोन बाटल्या कर. एक आधी भरपूर पाण्यात सोड, ढवळ, मग दुसरी." पीएचची पट्टीही त्यांनीच आणली, साडेपाच ते साडेसहा ठेवायला शिकवलं. वीस वर्षं दुसऱ्याच्या टाक्या ढवळणारा माणूस पहिल्यांदा घरच्या भाजीसाठी ढवळत होता. तिसऱ्या खेपेला पालक आला.

म्हणून माझ्यासारख्या गॅलरीवाल्यांनी खोका जरूर करावा. बाहेरून जाड कागद किंवा रंग लावा, उजेड आत गेला की शेवाळ धरतं. झाकण फटीशिवाय बसवा, नाहीतर डास होतात. पालक, माठ, पुदिना लावा. दुधी आणि वाल यात लावू नका. आणि भात, नाचणी, डाळ यातून येणार नाही. पोट भरणारं पीक आजही मातीतच येतं. मातीशिवाय शेती होते असं सांगत कुणी आला, तर माती कुणाकडे राहिली हे त्याला विचारावं.

आजीला मी हे सगळं सांगितलं, विलोच्या झाडापासून. तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "मोरीच्या पाण्यावर माझं अळू वाढायचं, ते काय होतं मग?" उत्तर होतं, पण मी दिलं नाही.

गेल्या आठवड्यात तिने शेजारणीकडून अळूचा कांदा आणला. खोक्यात लावू का, मी विचारलं. नको म्हणाली. पत्र्याच्या डब्यात तिने जुन्या घराच्या मागल्या दारची माती भरून आणली होती, पुराच्या गाळासकट. डबा खोक्याशेजारी ठेवलाय. खोक्यात उरलेलं पाणी ती त्यातच ओतते.