ब्लॅकबर्न रोव्हर्स : एका गिरणगावाचा फुटबॉल संघ

ब्लॅकबर्न हे नाव आपल्यापैकी पुष्कळांना नवखे वाटेल; परंतु आपल्या पणजोबांच्या अंगावर त्या गावचे कापड असण्याचा संभव बराच मोठा आहे. इंग्लंडच्या वायव्येस, लँकेशायर परगण्यात, पेनाइन टेकड्यांच्या जवळ हे गाव वसलेले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथील हजारो मागांवर जे साधे कापड विणले जाई, त्यातील मोठा भाग हिंदुस्थानात येत असे. आणि त्यात धोतरांचा भरणा विशेष असे. धोतर कसे नेसतात हे ज्यांनी जन्मात पाहिले नव्हते, असे विणकर धोतराचे काठ विणीत होते. त्या विणकरांच्या गावातील फुटबॉल संघाची हकीगत आज मी सांगणार आहे. परक्या गावातील एका चेंडूच्या खेळात आपण कशासाठी मन घालावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर हकीगतीच्या ओघात मिळेल. कारण ज्या वाटेने त्या गावचे कापड इकडे आले, त्याच वाटेने पुढे पुण्याचा पैसा तिकडे गेला.

फुटबॉल हा आज जगातील श्रमिकांचा खेळ मानला जातो. परंतु त्याचे नियम १८६३ साली लंडनमध्ये ज्यांनी लिहून काढले, ते सुखवस्तू घरांतील शिकलेले गृहस्थ होते. ईटन, हॅरो यांसारख्या शाळांतून बाहेर पडलेल्या तरुणांनी हा खेळ हौसेखातर खेळावा, विजयाचा हर्ष आणि पराजयाचा विषाद दोन्ही मर्यादेत ठेवावे आणि खेळासाठी कवडीही घेऊ नये, अशी त्यांची धारणा होती. गिरणीतल्या माणसाला खेळायला वेळच कोठे होता? तो वेळ त्याला कायद्याने मिळवून दिला. १८५० च्या कारखाना कायद्याने शनिवारी दुपारी दोन वाजता कापडगिरण्या बंद होऊ लागल्या. मागांचा खडखडाट थांबला की उरलेली दुपार कामगाराच्या हाती मोकळी राही. त्या मोकळ्या दुपारीत फुटबॉल शिरला, आणि शनिवारची दुपार ही त्या देशात फुटबॉलचीच वेळ होऊन बसली.

ब्लॅकबर्न रोव्हर्स या संघाची स्थापना नोव्हेंबर १८७५ मध्ये झाली. जॉन लुइस आणि आर्थर कॉन्स्टंटाइन हे दोन तरुण तीत पुढाकार घेणारे होते. यांपैकी लुइस हे पुढे पंच म्हणून फार नावाजले. प्रारंभी संघाला स्वतःचे मैदान नव्हते. काही काळ एका शेतात सामने होत. त्या शेताच्या मध्यभागी गुरांसाठी पाण्याचे डबके होते, त्यावर फळ्या टाकून वर हिरवळीचे थर अंथरावे लागत! गावाच्या राजमुद्रेवरील लॅटिन बोधवाक्य संघाने आपलेसे केले. ‘कौशल्याने आणि श्रमाने’ असा त्याचा अर्थ. या दोन शब्दांत तिसरा एक शब्द मात्र नव्हता, तो म्हणजे पैसा. आणि संघाचा पुढील सर्व इतिहास म्हणजे या तिसऱ्या शब्दाशी झालेला झगडा होय.

तो झगडा लवकरच सुरू झाला. गावागावांत चुरस वाढली, सामन्यांना तिकीट लावूनही माणसे लोटू लागली, तेव्हा चांगला खेळाडू दुसरीकडून आणण्याचा मोह संघांना आवरेना. स्कॉटलंडमधील खेळाडू चेंडू एकमेकांकडे सरकवीत खेळण्यात तरबेज होते. फर्गस सूटर नावाचा एक पाथरवट ग्लासगोहून प्रथम शेजारच्या डार्वेन गावी आला आणि १८८० मध्ये रोव्हर्सला येऊन मिळाला. पाथरवटाची छिन्नी त्याने लवकरच खाली ठेवली, तरी त्याचा चरितार्थ चालत होता. तो कसा, हे सर्वांना ठाऊक होते, आणि उघडपणे कोणी बोलत नव्हते.

१८८२ च्या चषकस्पर्धेत रोव्हर्स अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला आणि ईटनच्या माजी विद्यार्थ्यांच्या संघाकडून एका गोलने हरला. पुढच्याच वर्षी त्या पराभवाची फेड झाली. परंतु ती रोव्हर्सने केली नाही. त्याच गावात ब्लॅकबर्न ऑलिंपिक नावाचा दुसरा एक संघ होता. विणकर, सूत कातणारा, नळकाम करणारा, ओतकामाच्या कारखान्यातला मजूर अशी त्यात माणसे. एका कारखानदाराने खर्च सोसून त्यांना सामन्यापूर्वी ब्लॅकपूलच्या समुद्रकिनारी सरावासाठी नेले. ३१ मार्च १८८३ रोजी लंडनच्या ओव्हल मैदानावर या कामगारांनी ईटनवाल्यांना दोन विरुद्ध एक अशा गोलांनी हरविले. निर्णायक गोल करणारा जिमी कॉस्टली हा सूतगिरणीतला कामगार होता. चषक उत्तरेला गेला, तो सुखवस्तूंच्या हौशी संघांच्या हाती पुन्हा कधीही आला नाही.

त्यानंतरची तीन वर्षे रोव्हर्सची होती. १८८४, १८८५ आणि १८८६ असा सलग तीनदा त्याने चषक जिंकला. सूटर तिन्ही वेळा संघात होता. मधल्या काळात धंदेवाईक खेळाडूंवरून रण माजले. लंडनच्या नियामकांनी पैसे देणाऱ्या संघांवर कारवाई आरंभिली. तेव्हा लँकेशायरच्या संघांनी वेगळी संघटना काढण्याचा धाक घातला. अखेरीस जुलै १८८५ मध्ये खेळाडूला वेतन देणे नियमांत बसविण्यात आले. हा निकाल केवळ खेळाचा नव्हता. ज्याला घरची मिळकत आहे त्याला फुकट खेळणे शोभते. ज्याची शनिवारची मजुरी बुडते त्याने काय करावे? हौशीपणाच्या तत्त्वामागे वर्गभेद दडलेला होता, तो या निकालाने उघडा पडला.

परंतु वेतन द्यायचे तर उत्पन्न नियमित हवे. म्हणून १८८८ मध्ये बारा संघांनी मिळून ‘फुटबॉल लीग’ स्थापन केली. त्या बारांपैकी सहा लँकेशायरचे होते, आणि त्यांत रोव्हर्स होता. ऑलिंपिकला मात्र तीत जागा मिळाली नाही. १८८९ मध्ये तो संघ मोडला. ज्यांनी कामगारांसाठी दार उघडले त्यांनाच आत येता आले नाही, हा इतिहासाचा नेहमीचा कठोरपणा येथेही दिसतो. रोव्हर्सने १८९० मध्ये इवुड पार्क या मैदानावर कायमचे बिऱ्हाड केले आणि १८९० व १८९१ साली आणखी दोनदा चषक जिंकला.

विसाव्या शतकाच्या आरंभी संघाची सूत्रे लॉरेन्स कॉटन या गिरणीमालकाकडे आली. आडनावातच कापूस असलेल्या या गृहस्थाने मैदानावर प्रेक्षकांसाठी भक्कम सज्जे बांधले आणि खेळाडूंवर सढळ हाताने खर्च केला. १९१३ साली डॅनी शे या खेळाडूसाठी दोन हजार पौंड मोजण्यात आले. तोपर्यंत एवढी रक्कम कोणी दिली नव्हती. गावातच जन्मलेला बॉब क्रॉम्प्टन संघाचा कर्णधार होता. इंग्लंडच्या वतीने तो ४१ सामने खेळला. १९१२ आणि १९१४ साली रोव्हर्सने लीगचे अजिंक्यपद मिळविले. तेव्हा गावात कापडाचा धंदा भरभराटीत होता, आणि त्या भरभराटीत आपल्याकडच्या धोतरांचा वाटा लहान नव्हता.

मग महायुद्ध आले, आणि युद्धानंतर तो बाजार परत आला नाही. आपल्या गिरण्या वाढल्या, जपानी माल स्वस्त पडू लागला, आयातीवर जकाती चढल्या आणि परदेशी कापडावर बहिष्कार पडला. १९२८ साली रोव्हर्सने हडर्सफील्डला तीन विरुद्ध एक असे हरवून पुन्हा चषक जिंकला खरा. परंतु गावातील माग एकामागून एक थांबत होते. १९३१ च्या सप्टेंबरमध्ये गोलमेज परिषदेसाठी विलायतेस गेलेले महात्मा गांधी मुद्दाम लँकेशायरला गेले आणि ब्लॅकबर्नला लागून असलेल्या डार्वेनमध्ये बेकार झालेल्या गिरणीकामगारांना भेटले. ज्यांच्या पोटावर बहिष्काराने पाय आला होता, त्याच स्त्रीपुरुषांनी त्यांचे प्रेमाने स्वागत केले. आपल्या देशातील दारिद्र्य याहूनही खोल आहे, हे गांधीजींनी त्यांना सांगितले. त्यांनीही ते शांतपणे ऐकून घेतले. दोन्ही बाजूंचे गरीब समोरासमोर उभे राहावेत, असे प्रसंग इतिहासात थोडेच येतात. पाच वर्षांनी, १९३६ साली, रोव्हर्सची पहिल्या श्रेणीतून प्रथमच घसरण झाली.

दुसऱ्या महायुद्धानंतर गावाला मजुरांची चणचण भासू लागली, आणि त्यांची जागा घेण्यासाठी गुजरातच्या भरूच-सुरतेकडून आणि पाकिस्तानातून माणसे आली. ज्या देशांना कापड पाठविले, त्याच देशांची माणसे ते विणायला येऊन बसली! संघाने रॉनी क्लेटन आणि ब्रायन डग्लस यांसारखे गुणी खेळाडू घडविले, १९६० मध्ये चषकाच्या अंतिम सामन्यात हार खाल्ली. १९६१ साली खेळाडूंच्या वेतनावरील वीस पौंडांची साप्ताहिक मर्यादा उठली. खेळाडूंच्या दृष्टीने हा न्यायच होता. परंतु मोठ्या शहरांतील धनवान संघांशी बरोबरी करणे लहान गावांना तेव्हापासून अवघड होत गेले. १९७१ मध्ये रोव्हर्स तिसऱ्या श्रेणीत जाऊन पडला.

या पडत्या काळात गावातूनच एक धनी माणूस उभा राहिला. जॅक वॉकर हा ब्लॅकबर्नचाच मुलगा. वडिलांच्या पत्रेकामाच्या लहानशा धंद्यातून त्याने भावासह पोलादाचा प्रचंड व्यापार उभारला आणि १९८९ मध्ये तो विकून टाकला. १९९१ साली त्याने संघ आपल्या हाती घेतला. केनी डलग्लीश या विख्यात स्कॉटिश खेळाडूस व्यवस्थापक नेमले, ॲलन शियररला विक्रमी किमतीस आणले आणि इवुड पार्क नव्याने बांधून काढले. १९९२ मध्ये नव्या प्रीमियर लीगचा आरंभ झाला तेव्हा रोव्हर्स तीत होता. १४ मे १९९५ हा हंगामाचा शेवटचा दिवस. रोव्हर्स लिव्हरपूलमध्ये खेळत होता आणि जिंकता जिंकता शेवटच्या क्षणी हरला. त्याच वेळी लंडनमध्ये मँचेस्टर युनायटेडचा सामना बरोबरीत सुटल्याची वार्ता आली. ८९ गुणांस ८८, एवढ्या एका गुणाच्या फरकाने लाखभर वस्तीचे हे गाव ८१ वर्षांनी देशात पहिले आले. शियररने त्या हंगामात लीगमध्ये ३४ गोल केले होते.

वॉकरच्या पैशाने अजिंक्यपद विकत घेतले, अशी टीका तेव्हा झाली. ती खोटी नव्हती. पण पूर्ण खरीही नव्हती. तो पैसा गावचा होता, आणि तो खर्चणारा माणूस लहानपणी त्याच मैदानावर उभा राहून सामने पाहिलेला होता. परंतु एका माणसावर उभा असलेला डोलारा किती टिकणार? चारच वर्षांनी, १९९९ मध्ये, संघ खालच्या श्रेणीत गेला. ऑगस्ट २००० मध्ये वॉकर निवर्तला. पुढच्या वर्षी संघ वर आला, २००२ मध्ये त्याने लीग चषक जिंकला. ते सुख पाहण्यास तो उरला नव्हता.

नोव्हेंबर २०१० मध्ये वॉकरच्या विश्वस्तांनी संघ विकला. घेणारे होते पुण्याचे व्यंकटेश्वरा हॅचरीज, म्हणजे ‘वेंकीज’ या नावाने कोंबड्यांच्या धंद्यात प्रसिद्ध असलेला उद्योगसमूह. आपल्याकडे त्या वेळी अनेकांना अभिमान वाटला. ज्यांनी आपल्याला धोतरे विकली, त्यांचा मानाचा संघ आपण विकत घेतला, असा तो भाव होता. ऑक्टोबर २०११ मध्ये संघ पुण्यात बालेवाडीला येऊन खेळूनही गेला. परंतु तिकडे काय घडत होते? खरेदीनंतर महिन्याभरातच अनुभवी व्यवस्थापकास दूर करण्यात आले. मे २०१२ मध्ये संघ प्रीमियर लीगमधून बाहेर पडला. त्या संध्याकाळी एका प्रेक्षकाने संघाच्या निळ्यापांढऱ्या कापडात गुंडाळलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडली. पुढच्या एकाच हंगामात तीन व्यवस्थापक गेले. २०१७ मध्ये रोव्हर्स तिसऱ्या श्रेणीत उतरला. प्रीमियर लीग जिंकलेल्या संघावर अशी पाळी प्रथमच आली. वर्षभरात तो पुन्हा दुसऱ्या श्रेणीत चढला, हे खरे. मालकांनी वर्षानुवर्षे मोठी तूट आपल्या पैशाने भरून काढली, हेही न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे. २०२३ मध्ये तर असा पैसा पाठविण्यासाठी दिल्लीच्या उच्च न्यायालयाची अनुमती घ्यावी लागली. लँकेशायरच्या एका मैदानावरचे वेतन दिल्लीच्या न्यायालयात खोळंबावे, हे सूटरला सांगितले असते तर त्याने विश्वास ठेवला नसता!

येथे आपला अभिमान थोडा थबकतो. ज्यांच्या मालावर आपल्या विणकरांचे माग बंद पडले, त्यांच्याविषयी आपली तक्रार नेमकी काय होती? आपल्या जगण्याचे निर्णय दूर देशी, आपल्याला न विचारता होतात, हीच ना? इवुड पार्कवरील प्रेक्षकांची तक्रार जातीने याहून फार वेगळी नाही. एकीत भाकरीचा प्रश्न होता, दुसरीत केवळ खेळाचा; तुलना ताणू नये. परंतु शनिवारची ती दुपार हीच ज्यांच्या पूर्वजांची एकमेव मोकळीक होती, त्यांना हा खेळ केवळ खेळ वाटत नाही, हे आपणही समजून घेण्यासारखे आहे. भाग विकत घेता येतात, मैदान विकत घेता येते. पिढ्यान्‌पिढ्यांची माया खरेदीखतात लिहून मिळत नाही.

२ मे २०२२ रोजी इवुड पार्कच्या हिरवळीवर ईदची नमाज पढली गेली. इंग्लंडमधील फुटबॉल मैदानावर असे प्रथमच घडले. तेथे जमलेल्यांत भरूच-सुरतेकडून गिरण्यांत काम करण्यासाठी आलेल्यांची नातवंडे असणारच. त्यांनी ते मैदान विकत घेतलेले नव्हते. तरी त्या सकाळी ते त्यांचे होते. संघ कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर कागदावर एक असते आणि गवतावर दुसरे असते. कौशल्य आणि श्रम या दोन शब्दांनी सुरू झालेल्या या हकीगतीत तिसरा शब्द आता कायमचा येऊन बसला आहे. पहिल्या दोहोंना त्याने हाकलून देऊ नये, एवढीच इच्छा आपण त्या दूरच्या गावासाठी करावी. ते गाव आपल्याला वाटते तितके दूरचे नाही.