मॉरिशसची राज्यघटना आणि 'समाज' ही संकल्पना

१२ मार्च १९६८ रोजी स्वतंत्र झालेल्या मॉरिशसच्या राज्यघटनेने अल्पसंख्याकांच्या प्रतिनिधित्वासाठी एक अपूर्व व्यवस्था स्वीकारली. तिच्या मुळाशी असलेले लोकसंख्येचे वर्गीकरण इतिहासाच्या व भाषाविचाराच्या अभ्यासकांनी बारकाईने पाहण्यासारखे आहे.

या बेटावर मूळ रहिवासी असे कोणी नव्हते. फ्रेंच मळेवाले, आफ्रिका व मादागास्करमधून आणलेले गुलाम, चिनी व्यापारी आणि १८३४ पासून आलेले भारतीय करारबद्ध मजूर यांतून तेथील समाज घडला. मजुरांत भोजपुरी, तमिळ व तेलुगू भाषिकांबरोबर मुंबई बंदरातून गेलेले, बहुधा कोकणातील, मराठी लोकही होते. स्वातंत्र्य जवळ येताच हिंदूंच्या संख्याबळाची धास्ती इतरांना वाटू लागली. १९६५ मध्ये व पुन्हा जानेवारी १९६८ मध्ये दंगली झाल्या. तेव्हा अल्पसंख्याकांना आश्वासन देणे हा प्रश्न केवळ तात्त्विक नव्हता.

१९६६ च्या बॅनवेल आयोगाच्या शिफारशींवर वाद होऊन जी तडजोड निघाली, ती 'सर्वोत्तम पराभूत' पद्धती होय. थेट निवडून आलेल्या ६२ सदस्यांखेरीज जास्तीत जास्त ८ जागा अपुरे प्रतिनिधित्व मिळालेल्या समाजांच्या पराभूत उमेदवारांना देण्यात येतात. पहिल्या ४ जागा देताना पक्ष पाहिला जात नाही. उरलेल्या जागा देताना पक्षांचे बलाबल बिघडू नये, अशी दक्षता घेतली जाते. यासाठी प्रत्येक उमेदवाराने आपला समाज घोषित करावा लागे.

घटनेने हिंदू, मुस्लिम व चिनी-मॉरिशियन असे तीन समाज मानले. ज्याच्या जीवनपद्धतीवरून तो या तिहींपैकी कोणातही मोडत नाही असे दिसते, तो 'सर्वसाधारण जनता' या चौथ्या समाजाचा. येथे पहिल्या दोहोंचा निकष धर्म, तिसऱ्याचा वंश आणि चौथ्याचा केवळ अभाव आहे. गोरे मळेमालक व गुलामांचे वंशज अशा रीतीने एकाच वर्गात आले.

मराठी भाषिकांची स्थिती याहून निराळी, पण तितकीच बोधप्रद आहे. घटनेच्या दृष्टीने भोजपुरी, तमिळ व तेलुगू हिंदूंप्रमाणे तेही 'हिंदू' या एकाच वर्गात मोडतात. जनगणना मात्र पूर्वजांच्या भाषेची नोंद घेत आली आणि शाळांतून मराठीचे शिक्षण दिले जाऊ लागले. तात्पर्य, त्यांचे मराठीपण जनगणनेला व शाळेला दिसले, मतदानाच्या गणिताला दिसले नाही. घरी बहुतेकांच्या तोंडी जी क्रेओल भाषा असते, ती तर चारही समाजांची असल्यामुळे तिच्यावरून कोणाचाही समाज ठरत नाही. २०१२ मध्ये क्रेओलला प्राथमिक शाळेत प्रवेश मिळाला, तोही पूर्वजांच्या भाषांच्या बरोबरीचा एक वैकल्पिक विषय म्हणून. परिणामी सर्वांची समाईक भाषा वेगळेपणाच्या भाषांच्या रांगेत जाऊन बसली.

या पद्धतीचे श्रेय नाकारता येणार नाही. १९८२ मध्ये मुख्य बेटावरील सर्व ६० जागा एकाच आघाडीने जिंकल्या, तेव्हा पराभूत पक्षांना विधानसभेत स्थान मिळाले ते या अतिरिक्त जागांमुळेच. परंतु त्याच वर्षी नव्या सरकारने जनगणनेतील समाजाची नोंद बंद केली. जागांचे वाटप करणारी तरतूद तशीच राहिल्यामुळे पुढील निवडणुकांतही हिशेब १९७२ च्या आकड्यांवरच केला गेला. माणसे बदलली, पिढ्या बदलल्या. प्रमाण गोठलेले राहिले.

२००५ मध्ये काही उमेदवारांनी समाज घोषित करण्यास नकार दिला आणि त्यांचे अर्ज फेटाळले गेले. हा वाद संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीपुढे गेला. इतक्या जुन्या आकड्यांच्या आधारावर अशी घोषणा सक्तीची करणे हे निवडणूक लढविण्याच्या हक्काचे उल्लंघन आहे, असा निर्णय समितीने २०१२ मध्ये दिला. २०१४ च्या निवडणुकीपुरती ही सक्ती एका तात्पुरत्या कायद्याने शिथिल करण्यात आली.

संक्रमणकाळातील भीतीवर उपाय म्हणून योजलेले वर्गीकरण ती भीती ओसरल्यावरही टिकून राहते, कारण दरम्यान त्याभोवती पक्ष, संस्था व हितसंबंध उभे राहिलेले असतात. ते मोडावे, तर ज्यांना त्याचा आधार वाटतो त्यांना दुसरे कोणते संरक्षण द्यावयाचे, याचे उत्तर आधी द्यावे लागते. ते ठेवावे, तर स्वतःस केवळ 'मॉरिशियन' म्हणविणाऱ्या नागरिकाला घटनेच्या परिशिष्टात जागा उरत नाही. राष्ट्रीय अस्मितेचा मॉरिशसमधील प्रश्न या पेचात सामावलेला आहे.