वाटाण्यातला फिरंगी

वसईच्या आमच्या घरी भाऊबिजेच्या ताटात डाव्या बाजूस वाटाण्याची कोशिंबीर हटकून असे. भिजवून उकडलेले हिरवे वाटाणे, बटाट्याच्या फोडी; सारे पुरते निवले (नाहीतर दही पाणी सोडते) की घट्ट दही नि साय.

आजी सोवळ्याची, पावाला शिवत नसे. एकदा मी म्हटले, “आजी, बटाटा हा शब्दही पोर्तुगीजांचाच. बहादूरशहाने १५३४ साली त्यांना वसई दिली, १७३९ साली चिमाजी आप्पांनी ती जिंकली. किल्ला आला, पण बटाटा काही गेला नाही!”

आजीचा हात थबकला. शेजारच्या ख्रिस्ती मावशी नाताळात अशीच कोशिंबीर पाठवीत, अंड्यात तेल घोटून केलेली. आमच्याकडे ती कोणी चाखत नसे. वाटी रिकामीच परत जाई.

आजीने एक वाटी काठोकाठ भरली. “मावशींना नेऊन दे. अंडे नाही हो, म्हणावे.”