लिडार ड्रायव्हरमधील बदलता पॅकेट-दर

लिडार संवेदकाकडून दर सेकंदाला येणाऱ्या विदा-पॅकेटांच्या संख्येस पॅकेट-दर म्हणतात. संवेदकाचा ड्रायव्हर ही पॅकेटे स्वीकारून त्यांतून एकेका फेरीचा बिंदुमेघ, म्हणजे सभोवतालच्या बिंदूंचा त्रिमितीय संच, तयार करतो. (‘चालक’ हा मराठी प्रतिशब्द स्वयंचलित वाहनांच्या संदर्भात गोंधळ निर्माण करत असल्याने येथे टाळला आहे.) हा दर नेहमी सारखा राहत नाही. तो स्थिर मानणाऱ्या ड्रायव्हरकडून फेरीचा काही भाग वगळला जातो किंवा दोनदा मोजला जातो.

== व्हीएलपी-१६ चे उदाहरण ==
वेलोडाइन या कॅलिफोर्नियातील कंपनीच्या (२०२३ मध्ये आउस्टरमध्ये विलीन) व्हीएलपी-१६ या संवेदकात १६ लेसर असतात. ते सर्व एकदा झळकण्यास ५५.२९६ मायक्रोसेकंद लागतात. अशी २४ आवर्तने, म्हणजे ३८४ मोजमापे, १२०६ बाइटांच्या एका पॅकेटात मावतात. म्हणून सेकंदाला सुमारे ७५४ पॅकेटे निघतात. मोटरचा वेग मिनिटाला ३०० ते १२०० फेऱ्या असा बदलता येतो, पण लेसरची गती मोटरशी बांधलेली नाही. त्यामुळे ६०० फेऱ्यांच्या वेगात एका फेरीत ७५.४, तर १२०० च्या वेगात ३७.७ पॅकेटे येतात. प्रत्येक झोताची दोन परावर्तने नोंदवण्याची दुहेरी पद्धत निवडल्यास दर दुप्पट, म्हणजे १५०८ होतो.

== मोजणीने फेरी ठरवणे ==
आरओएस या मुक्तस्रोत प्रणालीतील वेलोडाइन ड्रायव्हर पॅकेट-दरास फेऱ्यांच्या वेगाने भागून, येणारा अपूर्णांक वरच्या पूर्णांकात नेत असे. वरील उदाहरणात ७५.४ चे ७६ होतात. हा ०.६ पॅकेटांचा फरक क्षुल्लक वाटतो. पण त्यामुळे प्रत्येक फेरी सुमारे २.९ अंशांनी पुढे सरकते आणि बिंदुमेघाची शिवण साडेबारा सेकंदांच्या आसपास संवेदकाभोवती पूर्ण फिरून येते. दुहेरी पद्धत चालू असून ड्रायव्हरला ते ठाऊक नसेल, तर स्थिती अधिक गंभीर होते. ७६ पॅकेटांत जेमतेम अर्धी फेरी भरते, तरीही ती पूर्ण म्हणून पुढे जाते. वास्तविक परावर्तनाचा प्रकार प्रत्येक पॅकेटच्या शेवटच्या दोन बाइटांपैकी एकात लिहिलेलाच असतो. तो वाचला म्हणजे झाले.

== कोनाने फेरी ठरवणे ==
प्रत्येक पॅकेटात क्षैतिज कोन अंशाच्या शंभराव्या भागात (० ते ३५९९९) दिलेला असतो. हा कोन ठरावीक दिशा ओलांडतो तेथे फेरी तोडली, की पॅकेटांची संख्या ७५ असो वा ७६, शिवण जागच्या जागी राहते. उपरोक्त ड्रायव्हरमध्ये ही सोय नंतर आली. मात्र कोनाचे मूल्य ऋण ठेवल्यास जुनी मोजणीच चालू राहते. शून्य अंशाशी तुलना करताना कोन नेमका शून्य होण्याची वाट पाहू नये. ते पॅकेट हरवूही शकते. आधीच्या कोनापेक्षा नवा कोन लहान झाला, एवढीच खूण पुरेशी असते.

== हरवलेली पॅकेटे ==
पॅकेटे यूडीपीने येतात. त्यात पोचपावती नाही. संगणक अन्य कामात गुंतला, तर स्वीकृतीचा साठा भरून पॅकेटे गळतात आणि भासणारा दर घटतो. म्हणून स्वीकृतीचे काम स्वतंत्र ठेवतात व पॅकेटातील कालखूण तपासतात. एकेरी पद्धतीत लागोपाठच्या दोन खुणांत सुमारे १.३२७ मिलिसेकंदांहून ठळकपणे अधिक अंतर असेल, तर मधले पॅकेट गेले असे समजावे. ही कालखूण दर तासाला शून्यावर येते, हे न जाणणाऱ्या ड्रायव्हरला तासातून एकदा काळ मागे गेल्याचा भास होतो.