चेंडूची उलटी फिरकी

गोल्फ हा खेळ आमच्या वाचकांपैकीं फारच थोड्यांनीं खेळलेला असेल. काठ्यांची पिशवी बरोबर घेऊन हिरवळीवरून चालणारे गृहस्थ बहुतेकांनीं दुरून पाहिले असतील, इतकेंच. तरीहि त्या खेळांतील एका लहानशा प्रश्नाचा इतिहास सांगण्याजोगा आहे असें आम्हांस वाटतें. ड्रायव्हर नांवाच्या सर्वांत लांब काठीनें टोलवलेला चेंडू हवेंतून जातांना स्वतःभोंवतीं गरगर फिरत असतो. या फिरकीमुळें तो दूर जातो, कीं अलीकडेच पडतो? गेल्या सवाशें-दीडशें वर्षांत या प्रश्नाचें रूढ उत्तर दोनदां उलटलें, आणि दुसऱ्या खेपेस बलवानाचें माप दुबळ्याच्याहि अंगावर चढविण्यांत आलें.

खेळाचें मूळ घर स्कॉटलंड. तेथें पूर्वी चामड्याच्या पिशवींत पिसें ठासून चेंडू करीत, आणि ते फार महाग पडत. १८४८ च्या सुमारास गट्टापर्चा या झाडाच्या चिकाचे चेंडू आले. हा चीक सेंट अँड्र्यूज गांवीं प्रथम कसा पोंचला याची एक मौजेची दंतकथा आहे: पूर्वेकडून कोणी विष्णूची मूर्ति धाडली, आणि ती फुटूं नये म्हणून तिच्याभोंवतीं गट्टापर्च्याचे तुकडे भरले होते! खरेंखोटें तो शेषशायीच जाणे. या नव्या चेंडूंत एक चमत्कार मात्र सर्वांच्या अनुभवास आला. नवा, गुळगुळीत चेंडू चटकन् खालीं येई. काठीचे घाव बसून खरबरीत झालेला जुना चेंडू दूर जाई. तेव्हां कारागीर नव्या चेंडूंवर मुद्दाम हातोडीनें खुणा पाडूं लागले. कारण कोणास सांगतां येईना.

कारण सांगण्याची तयारी वास्तविक बरीच आधीं झालेली होती. रॅकेट तिरकी लागली म्हणजे टेनिसचा चेंडू वांकडा जातो, हें न्यूटननें १६७२ सालच्या एका पत्रांत नमूद केलें होतें, तेंहि प्रकाशाविषयीं लिहितां लिहितां. पुढें बेंजामिन रॉबिन्स या तोफविद्येच्या पंडितानें बंदुकीची गोळी बाजूस कां सरकते याचा शोध घेतला व गोळीच्या फिरकीस जबाबदार धरलें. त्याचा ग्रंथ १७४२ चा. ऑयलरसारख्या थोर गणित्यानें त्या ग्रंथाचें जर्मन भाषांतर केलें खरें, पण फिरकीचें हें म्हणणें त्यास पटलें नाहीं. गोळी नीट वाटोळी नसेल, असें म्हणून त्यानें तें बाजूस सारलें. मोठ्यांची चूकहि मोठ्या मानानें जगते, ती अशी. रॉबिन्सचा शेवट आपल्याच देशांत झाला. कंपनी सरकारचे किल्ले दुरुस्त करण्यास तो आला होता, आणि कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिड येथें १७५१ सालीं तो वारला. १८५२ सालीं बर्लिनच्या माग्नुसनें हीच गोष्ट प्रयोगानें दाखविली आणि ती त्याच्याच नांवानें प्रसिद्ध झाली. रॉबिन्सचें नांव तोफखान्यांतच राहिलें.

या सर्वांचा धागा गोल्फशीं जोडला तो एडिंबरोचे प्राध्यापक पीटर गथ्री टेट यांनीं. लॉर्ड केल्विन यांच्यासह पदार्थविज्ञानाचा थोरला ग्रंथ लिहिणारा हा विद्वान् सुटींत सेंट अँड्र्यूजला पहांटेपासून गोल्फ खेळे, इतकेंच नव्हे तर अंधारांत चकाकणारे चेंडू घेऊन त्यानें रात्रींहि खेळून पाहिलें. त्यांचा मुलगा फ्रेडी हा त्या काळचा नामांकित खेळाडू. १८९६ व १८९८ सालीं हौशी खेळाडूंचें अजिंक्यपद त्यानें मिळविलें. १८९३ च्या जानेवारींत त्यानें एक चेंडू असा टोलवला कीं, तो सुमारें २५० यार्ड हवेंतून गेला आणि गोठलेल्या जमिनीवरून घरंगळत एकंदर ३४१ यार्डांवर थांबला. इतका लांब टोला अशक्य आहे असें बापानें गणितानें सिद्ध केलें होतें आणि मुलानें तें गणित खोटें पाडलें, अशी कथा पुढें लोक चवीनें सांगूं लागले. आमच्या मतें तींत प्राध्यापकांवर अन्याय आहे. तो हिशेब न फिरणाऱ्या चेंडूचा होता. मुलाच्या टोल्यानें गणित खोटें ठरलें नाहीं. त्यांत काय घालावयास हवें, तेवढें दिसून आलें.

तें म्हणजे उलटी फिरकी. ड्रायव्हरचें तोंड किंचित् मागें कललेलें असतें. त्यामुळें चेंडूची वरची बाजू खेळाडूकडे व खालची पुढें, असा तो फिरूं लागतो. फिरतां फिरतां तो आपल्या मागची हवा खालीं ढकलतो, आणि हवा त्यास वर उचलते. टेटनीं चेंडूस हलकी फीत बांधून तिला पडलेले पीळ मोजले, आणि चांगल्या टोल्यांत ही फिरकी असतेच, हें दाखविलें. चेंडू सहा सेकंदांच्या आसपास हवेंत कसा टिकतो, याचा उलगडा झाला. तोंपर्यंतची शिकवण अशी कीं, फिरकी म्हणजे दोष आणि ती टाळावी. टेटहि तरुणपणीं तसेंच शिकले होते, आणि आपणांस हें पस्तीस वर्षें उशिरां कळलें, अशी हळहळ त्यांनीं पुढें व्यक्त केली. फ्रेडी बोअर युद्धांत ७ फेब्रुवारी १९०० रोजीं मारला गेला. त्या आघातांतून बाप सांवरला नाहीं. ४ जुलै १९०१ रोजीं त्यांचेंहि देहावसान झालें.

मागाहून पुष्कळ घडलें. लेस्टरच्या विल्यम टेलरनें १९०५ सालीं चेंडूवर वाटोळे खळगे पाडण्याचें पेटंट घेतलें. १९१० सालीं जे. जे. थॉमसन यांनीं लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें विद्युत्कणांचा झोत चुंबकानें वांकवून फिरत्या चेंडूचे मार्ग श्रोत्यांपुढें उभे केले. रबराचे दोरे गुंडाळलेले चेंडू विसाव्या शतकाच्या आरंभीं आले आणि शतक संपतां संपतां मागें पडले. काठीचें लांकडी डोकें जाऊन धातूचें आलें. २००३ सालीं डेन्मार्कमध्यें स्थापन झालेल्या ट्रॅकमन कंपनीच्या रडार यंत्रानें तर चेंडूचा वेग, चढण्याचा कोन आणि मिनिटाचे फेरे क्षणांत मोजून हातीं ठेवले.

येथें उत्तर पुन्हां उलटलें. अमेरिकेच्या धंदेवाईक पुरुष खेळाडूंची काठी तासाला सुमारें ११३ मैल वेगानें फिरते व चेंडू १६७ मैलांनीं सुटतो. अशा चेंडूस मिनिटाला चार हजार फेरे मिळाले, तर वर उचलणारा जोर त्याच्या वजनाच्या सुमारें दुप्पट होतो. मग तो पतंगासारखा वर चढतो, वेग गमावतो आणि उभाच्या उभा खालीं येतो. म्हणून फिरकी कमी करा, असें वेगवानांनीं ठरविलें, आणि त्यांच्या पुरतें तें योग्यच होतें. त्यांचे फेरे सरासरीनें २७०० च्या आंतबाहेर असतात. पण कारखानदारांनीं व जाहिरातदारांनीं हाच मंत्र सर्वांस दिला. साठीचा गृहस्थ, ज्याचा चेंडू सेकंदाला ५० मीटरांनीं सुटतो, तोहि अल्प फिरकीची, कमी कललेल्या तोंडाची काठी विकत घेऊं लागला.

आतां त्याचा हिशेब पाहा. हवेचा जोर वेगाबरोबर झपाट्यानें घटतो. या गृहस्थाच्या चेंडूस २७०० फेरे असले, तर तो जोर जेमतेम चेंडूच्या वजनाइतका भरतो; फेरे १५०० वर आणले तर वजनाहून पुष्कळच कमी. मग चेंडू तरंगत नाहीं, दगडासारखा खालीं येतो. त्यास हवी ती अधिक कललेल्या तोंडाची काठी: ती चेंडू उंच सोडते आणि फिरकीहि शाबूत ठेवते. हा केवळ कागदी हिशेब नव्हे. धंदेवाईक स्त्री-खेळाडूंची काठी तासाला सुमारें ९४ मैलांनीं फिरते. फिरकी कमी करणें हाच सर्वांस उपाय असता, तर त्यांनीं तो केव्हांच केला असता. प्रत्यक्षांत त्यांचे फेरे मिनिटाला २६०० च्या घरांत, म्हणजे पुरुषांच्या जवळजवळ बरोबरीचे आहेत. फरक आहे तो सुटण्याच्या कोनांत. पुरुषांचा चेंडू सुमारें ११ अंशांनीं चढतो, त्यांचा १३ अंशांहून थोडा अधिक, आणि तो २१८ यार्डांच्या आसपास हवेंतून जातो.