धाव

कुंभकोणमच्या सारंगपाणी मंदिराचा रथ तमिळनाडूतल्या सर्वांत मोठ्या रथांत मोजला जातो. चित्तिरै महिन्यात, म्हणजे एप्रिल-मेच्या सुमारास, माणसे तो दोरखंडांनी ओढत देवळाभोवतीच्या रस्त्यांतून फिरवतात. वर्षाचे बाकी बहुतेक दिवस तो आपल्या ‘निलै’वर, ठरलेल्या जागी, उभा असतो. इंजिन नाही, सुकाणू नाही. आजच्या भाषेत सांगायचे तर हा ट्रेलरच.

अशा वाहनाच्या चाकाचे दुखणे निराळे. रोज पळणाऱ्या गाडीचे चाक झिजते, याचे उभ्या उभ्या मरते. इथली जुनी रथचाके भरीव असत, इलुप्पै म्हणजे मोहाच्या जातीच्या लाकडाच्या जाड फळ्या जोडून केलेली. सगळा भार वर्षभर त्याच चार ठिकाणी. त्यात खालून ओल, वरून ऊन. ज्या चाकाला कधी म्हातारपण येणार नाही, असे चाक पाहायचे तर शेजारच्या दारासुरमला जावे. तिथे दुसऱ्या राजराज चोळाने 12 व्या शतकात बांधलेल्या ऐरावतेश्वर मंदिराचा मंडप रथासारखा आहे आणि त्याची चाके दगडाची आहेत. पण तो रथ कुठे जातच नाही.

चालायचे तर झिजणे आले, आणि झीज सोसायला चाकाच्या कडेवर वेगळे कवच हवे. ही युक्ती फार जुनी. वैदिक भाषेत चाकाच्या या धातूच्या कडेला ‘पवि’ असा स्वतंत्र शब्द आहे. इंग्रजीतला ‘टायर’ बहुधा ‘अटायर’ म्हणजे पोशाख यावरून आला. तिकडे चाकाला कपडा घातला, मराठीने मात्र त्या लोखंडी कड्याला ‘धाव’ म्हटले.

धाव बसवण्याचे काम बघण्यासारखे असे. लोहार कडे चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान करी. गोवऱ्यांच्या जाळात ते लालबुंद होऊन फुगले की दोघे-तिघे सांडशीने धरून लाकडावर चढवत. लाकूड धुमसू लागे, लगेच वरून पाणी ओतायचे. लोखंड चर्र करून आक्रसे आणि आरे तुंब्यात घट्ट आवळले जात. उन्हाळ्यात लाकूड सुकून धाव ढिली पडली की चाके ओढ्यात भिजत घालायची. धाव पार झिजली तर ती उतरवून नवी चढवायची, खालचे लाकूड तेच. या सोयीत एक शहाणपण होते. झिजणारा भाग वेगळा, भार पेलणारा वेगळा, आणि दोन्ही वेगवेगळे तपासता येत.

रबराने ही फारकत मोडली. हवेच्या टायरचे पेटंट रॉबर्ट थॉमसनने 1845 मध्ये घेतले, पण ते विस्मरणात गेले. 1888 मध्ये बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने मुलाच्या तीनचाकीसाठी तीच कल्पना पुन्हा काढली. आता रस्त्याला घासणारी नक्षी आणि वजन धरणारी भिंत एकाच अंगाची झाली. झिजलेल्या नक्षीवर नवे रबर चढवायचा धंदाही उभा राहिला. मद्रासमध्ये 1946 साली फुगे बनवण्यापासून सुरू झालेली एमआरएफ 1952 मध्ये उतरली ती या रबराच्या धंद्यातच. ‘रिमोल्ड’ म्हणजे एका अर्थी नवी धाव. फक्त खालचे लाकूड किती जुने, हे आता बाहेरून दिसत नाही.

रथाला हे रबर कधीच पुरणार नव्हते. कुंभकोणमहून सुमारे 40 किलोमीटरवरच्या तिरुवारूरचा रथ सजल्यावर 96 फूट उंच आणि सुमारे 300 टन भरतो असे सांगतात. ट्रकचा एक टायर साधारण 3 टन पेलतो. म्हणजे शंभर टायर लागतील! तिथे तिरुचिरापल्लीच्या भेल कारखान्याने पोलादी चाके आणि हायड्रॉलिक ब्रेक दिले. तरी चाकापुढे ‘मुट्टुक्कट्टै’ लागतेच. हा पाचरीसारखा लाकडी ठोकळा, आपल्या गाडीवानाची उटी. नेमका टाकला तर रथ वळतो किंवा थांबतो. तमिळ बोलण्यात त्याचा अर्थ ‘अडथळा’ असाही होतो, जसे आपण कामाला खीळ बसली म्हणतो.

जुन्या कॅरॅव्हॅनला किंवा पावसाळाभर बांधावर उभ्या राहिलेल्या उसाच्या ट्रॉलीला टायर घेणाऱ्याने रथाचाच हिशेब मांडावा. आधी भरल्या गाडीचे वजन. ते चाकांत वाटून वर थोडी शिल्लक राहील, एवढी ताकद टायरच्या अंगावर छापलेली हवी. त्याच मापाचा मोटारीचा टायर चालेलच असे नाही, कारण वळणावर जोडआसाचे टायर आडवे खरडले जातात, त्यांना ताठ भिंत लागते. एका आसावर दोन जातींचे टायर नकोत. हवा कमी पडली की भिंत तापते.

आणि मग वय. टायरच्या भिंतीवर चार आकडे असतात. 3519 म्हणजे 2019 चा 35 वा आठवडा. सहा वर्षे उलटली की नक्षी कितीही कोरी असली तरी भरवसा धरू नये. उन्हात उभ्या टायरच्या भिंतीला केसासारख्या भेगा पडतात. दुकानात आपण नक्षीत बोट घालून खोली बघतो. ती पाहणी धावेची झाली. लाकडाची पाहणी करायची तर खाली वाकून ते चार आकडे वाचायला हवेत.